ढेरीची प्रदक्षिणा

भारतीय पोटाने आजवर भल्याभल्या यंत्रांना पाणी पाजलं आहे. स्प्रिंगवाला टमी ट्रिमर आला. तो आता माळ्यावर आकाशकंदिलाशेजारी गंजत पडलाय. सोना बेल्ट आला. त्याने घाम काढला, दोन ग्लास पाणी प्यायल्यावर वजन स्वगृही परतलं. थरथरणारा पट्टा आला. रात्री साडेअकराला टीव्हीवर एक पिळदार गोरा इसम डब केलेल्या आवाजात 'विश्वास बसत नाही ना?' असं ओरडून विचारायचा. खरंच बसायचा नाही. एवढ्या स्वाऱ्या झेलून पोट जागच्या जागी. आता त्याच्यावर नवी मोहीम निघाली आहे: वजनदार हुला हूप.

शाळेत खेळायची ती प्लास्टिकची रिंग डोळ्यांपुढे आणू नका. तिची आता पदोन्नती झाली आहे. शेजारच्या वहिनींनी दोन दिवस वापरून 'तुम्हालाच जास्त उपयोग होईल' असं म्हणत तो ऐवज माझ्याकडे पाठवला. (टोमणा पोहोचला.) खोक्यातून जांभळ्या-गुलाबी प्लास्टिकचे जाडजूड तुकडे निघाले. प्रत्येकाच्या आतल्या अंगाला बोथट फुगवटे. तुकडे एकात एक अडकवायचे, कमरेच्या मापाचा पट्टा करायचा, टक् करून बंद. पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला खाच, खाचेत बारीक चाकांचा एक गाडा, गाड्याला दोरी आणि दोरीच्या टोकाला मुठीएवढा वजनाचा गोळा. कंबर जराशी हलवली की गोळा गरगरायला लागतो. पट्टा हलत नाही, आपण हलत नाही म्हटलं तरी चालेल. गोळा तेवढा भक्तिभावाने ढेरीला प्रदक्षिणा घालतो. आवाज थेट फरशीवरून ओढत नेलेल्या प्रवासी बॅगेचा. खालच्या मजल्यावरच्या लोकांना वाटतं, वरचं कुटुंब रोज संध्याकाळी सात ते साडेसात गाव सोडून चाललंय.

या पट्ट्यावर एक चिमुकला पडदा असतो. तो फेऱ्या मोजतो, मिनिटं मोजतो आणि कॅलरीही मोजतो. त्याला माझं वजन माहीत नाही, वय माहीत नाही, नाडी किती चालते ते माहीत नाही. मी बाई आहे की टेबलाचा पाय, हेही त्याला माहीत नाही. तरी कॅलरी सांगतो! मी पट्टा डाव्या हातात धरला आणि उजव्या बोटाने गोळा फिरवत बसले. कॅलरी भराभर वाढल्या. माझ्या तर्जनीचा बराच मेद त्या दिवशी झडला असणार.

आता जाहिरात वाचा. 'टीव्ही बघता बघता पोट कमी करा.' 'इंच लॉस गॅरंटीड.' 'कोअर मजबूत.' 'बाळंतपणानंतरचं पोट गायब.' 'फुगवट्यांमुळे खोलवर मसाज, चरबी फुटते.' चरबी फुटते म्हणे! ती काय नारळ आहे? आणि या सगळ्यांच्या वर, सगळ्यात ठसठशीत अक्षरांत: 'हा हूप कधीच खाली पडत नाही!'

वाचकहो, हे एकच वाक्य पुन्हा वाचा. बाकीची जाहिरात फाडून टाकली तरी चालेल.

हूपमध्ये व्यायाम कशाचा होता? तो पडू न देण्याचा. त्यात एवढीच काय ती मेहनत होती. तो सुटायला लागला की मांड्या, नितंब, पाठ, पोट सगळे कामाला लागायचे. ताल चुकला की हूप घोट्याशी. वाका, उचला, पुन्हा सुरू. आणि आता 'पडत नाही' हे वैशिष्ट्य म्हणून विकतात. उद्या 'बुडताच येणार नाही' असा टबात बांधलेला जलतरण तलाव काढा. परवा 'चढ नसलेला' सिंहगड. गिऱ्हाईक रांगेत उभं राहील, मला शंका नाही.

मुळात हे खेळणं फार प्रामाणिक होतं, म्हणून त्याची दया येते. 1958 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हॅम-ओ कंपनीच्या रिचर्ड नर आणि आर्थर मेलिन या दोघांनी ते बाजारात आणलं. ऑस्ट्रेलियात पोरं बांबूची कडी कमरेभोवती फिरवतात असं त्यांच्या कानावर आलं. यांनी तेच प्लास्टिकमध्ये केलं. किंमत 1 डॉलर 98 सेंट. पहिल्या चार महिन्यांत अडीच कोटी हूप खपल्याचं सांगितलं जातं. वर्ष सरता सरता लाट ओसरली आणि ही मंडळी पुन्हा आपल्या फ्रिस्बीकडे वळली. त्यांनी प्लास्टिकचं कडं प्लास्टिकचं कडं म्हणूनच विकलं. कोणाच्या चयापचयाला हात घातला नाही. आज तेच कडं कमरेला जखडून, वर गोळा टांगून, 'मेटाबॉलिझम बूस्ट' या मंत्रासह परत आलंय. खेळण्याचं औषध झालं की किंमत वाढते आणि मजा जाते.

(आपल्याकडे कडं आणि कंबर यांचं नातं नवं नाही. सिग्नलला डोंबाऱ्याची पोर लोखंडाच्या टीचभर कड्यातून खांदे, कंबर, पाय असं अख्खं शरीर पार करून दाखवते आणि गाडीची काच वर जाते. तिच्या 'कोअर'चं कौतुक अजून कोणी रीलवर केलेलं मी पाहिलं नाही.)

बरं, हूप पडतो का? या प्रश्नाचा छडा खुद्द न्यूयॉर्क विद्यापीठातल्या लीफ रिस्ट्रॉफ यांच्या प्रयोगशाळेने लावला आहे. मी थट्टा करत नाही. या गणितज्ञांनी वेगवेगळ्या आकारांचे छोटे यांत्रिक देह छापले, मोटरीने गोल हलवले आणि त्यांच्यावर कडी सोडली. दंडगोल, शंकू आणि मधे निमुळता होणारा, म्हणजे आपला डमरू. दंडगोलावरचा हूप घसरून खाली. शंकूवरचा कधी वर चढतो, कधी खाली येतो, टिकत नाही. डमरूवरचा मात्र दिमाखात फिरत राहतो. निष्कर्ष असा की हूप अधांतरी राहायला दोन गोष्टी लागतात: नितंबांचा उतार आणि कमरेचा बाक.

म्हणजे बघा हं. कंबर असेल तर हूप टिकेल. आणि हूप कशासाठी? कंबर यावी म्हणून! ज्यांना गरज नाही त्यांच्यावर तो प्रसन्न, ज्यांना गरज आहे त्यांच्या पायाशी लोळण. चाळिशीनंतर आपल्यापैकी बहुतेकांचं मधल्या भागाचं भूमितीय वर्णन 'दंडगोल' असंच करावं लागेल. काहींचं तर 'उलटा डमरू'. पोटाला घेर आला की हूप राहत नाही, हे विज्ञान कारखानदाराला गणिताशिवायच कळलं होतं. त्याने त्यावर उपाय काय काढला? गिऱ्हाइकाला शिकवण्यापेक्षा गिऱ्हाइकाला बांधा. प्रश्न सुटला. व्यायामही सुटला, पण त्याचा हिशोब कोण मागतो?

दुसरा विनोद वजनाचा. 'वजनदार' म्हटलं की आपल्याला वाटतं, दुप्पट वजन तर दुप्पट घाम. जिममध्ये ते खरं असेल. इथे उलटं आहे. जड आणि मोठ्या कड्याचं जडत्व जास्त, म्हणून ते सावकाश फिरतं, सावरायला वेळ देतं. म्हणून तर नवशिक्यांच्या हातात जड हूप देतात. सर्कशीतली बाई हलकीफुलकी कडी एकाच वेळी गळ्यात, कमरेत, गुडघ्यांत फिरवते. तिला कोणी दोन किलोचं जू घालत नाही. तेव्हा 'मी आता जड हूपवर गेले' असं लिफ्टमध्ये कोणी अभिमानाने सांगितलं, तर समजा, तिने सायकलला मागची दोन छोटी चाकं लावून घेतली आहेत. वर कमरेच्या हाडावर निळे-जांभळे डाग पडतात ते वेगळेच. त्यावर विक्रेत्याचं भाष्य: 'म्हणजे काम करतोय!' काम करतोय, बरोबर आहे. त्वचेखालच्या केशवाहिन्या फोडण्याचं.

मूळ अंधश्रद्धा मात्र हूपची नाही. ती फार जुनी आहे: जिथे हलवाल तिथली चरबी जाईल. पोट हलवा, पोट जाईल. दंड हलवा, दंड जातील. हे इतकं सोपं असतं तर अखंड बोलणाऱ्यांचे गाल केव्हाच बसले असते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पाहिलं की या सिद्धांताचा निकाल लागतो. पण शास्त्राने तो रीतसरही लावला आहे. 1971 मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून झाले. एक हात वर्षानुवर्षं रॅकेट मारतोय, दुसरा चेंडू वर उडवण्यापुरता. स्नायू खेळत्या हाताचे मोठे. त्वचेखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच जाड. 1984 मध्ये एका अमेरिकी प्रयोगात पुरुषांकडून 27 दिवसांत प्रत्येकी 5,004 उठाबशा करून घेतल्या, आडवं पडून पोटाच्या करतात त्या. (वरचे चार कोणी आणि का मोजले, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय.) मग पोट, पाठ आणि नितंब या तिन्ही जागांच्या चरबीच्या पेशी तपासल्या. तिन्हीकडे घट साधारण सारखीच. कष्ट पोटाचे, फायदा नितंबांनाही. चरबीच्या खात्यात स्थानिक स्वराज्य नाही. हुकूम संप्रेरकांचे आणि ते रक्तातून सगळीकडे जातात. पट्ट्याचे फुगवटे बाहेरून कितीही गुदगुल्या करोत, आतली पेशी हसत नाही.

इथे मुरलेला विक्रेता हुकमाचा एक्का काढतो. 'मॅडम, फिनलंडचा अभ्यास वाचला का?' वाचला. तुम्ही वाचलात का, हा प्रश्न आहे. 2019 मध्ये 'ओबेसिटी फॅक्ट्स' या नियतकालिकात हेलसिंकीच्या संशोधकांनी तो छापला. जादा वजनाच्या पन्नासहून अधिक माणसांनी सहा आठवडे 1.5 किलोचा हूप फिरवला, सहा आठवडे चालण्याचा व्यायाम केला; काहींनी आधी हे, काहींनी आधी ते. हूप रोज सरासरी 13 मिनिटं, चालणं दिवसाला सुमारे दहा हजार पावलं. हूपने कंबर सरासरी 3.1 सेंटिमीटरने घटली, चालण्याने 0.7. पोटाच्या भागातलं चरबीचं प्रमाण थोडं उतरलं, धडाचे स्नायू थोडे वाढले, वाईट कोलेस्टेरॉलही जरा खाली आलं. हे सगळं खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. लपवाछपवीचं खातं समोरच्यांकडे आहे.

कारण त्याच अभ्यासातलं पुढचं ते कधी सांगत नाहीत. वजनात दोन्ही व्यायामांचा फरक जवळपास सारखाच, म्हणजे नगण्य. रक्तदाब खाली आला तो चालण्याने. चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं तेही चालण्याने. आणि हूप कोणता होता? खराखुरा. हाताने सोडायचा, कमरेने सांभाळायचा, चुकलात तर पडणारा. दोरीला गोळा बांधलेला पट्टा नव्हे! पडणाऱ्या हूपचं प्रशस्तिपत्रक न पडणाऱ्या पट्ट्याच्या खोक्यावर चिकटवायचं, ही नुसती चलाखी नाही, दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर आपला बैठक क्रमांक टाकणं आहे.

3 सेंटिमीटर म्हणजे पॅन्टच्या पट्ट्याचं साधारण एक भोक. सहा आठवडे रोज इमानाने घाम गाळून एक भोक. वाईट नाही, मी तर म्हणेन चांगलं आहे. टेनिसपटूंचे हात एक सांगतात आणि हेलसिंकीच्या कमरा थोडं वेगळं, तेव्हा इथे शास्त्राला डोकं खाजवायला जागा आहे. पण ती जागा 3 सेंटिमीटरची आहे, जाहिरातीतल्या आठ इंचांची नाही. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी बायकांकडून सहा आठवडे वजनदार हूप फिरवून घेतला, तिथेही कंबर तेवढीच, 3.4 सेंटिमीटरने उतरली. पण धडाच्या स्नायूंचा दम किती टिकतो याच्या चाचण्यांत लक्षणीय वाढ नाही. तर मग ते 'कोअर मजबूत' कुठून आलं? छापखान्यातून.

आणि कॅलरी? अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजने करवून घेतलेल्या अभ्यासात 16 बायकांनी अर्धा तास हूपचा वर्ग केला. नाडीचे ठोके सरासरी मिनिटाला 151, खर्च सुमारे 210 कॅलरी. झकास व्यायाम झाला! पण 151 ठोके म्हणजे काय, तर त्या वेळी तुम्हाला मालिकेतल्या सासूचा संवाद ऐकू येत नाही, स्वतःचा श्वास ऐकू येतो. शिवाय त्या बायका मुरलेल्या हूपवाल्या होत्या. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी धरा. भागाकार तुम्हीच करा: असे सदतीस वर्ग, आणि त्या काळात एकही जादा लाडू नाही. 'टीव्ही बघता बघता' या तीन शब्दांत हे कुठे बसतं ते मला कोणीतरी दाखवा.

आता दुसऱ्या बाजूचे लोक खुशीत आले असतील. तेच, 'आमच्या आया जात्यावर दळायच्या, त्यांना हूपची गरज नव्हती' असं सकाळी सहा वाजता फॉरवर्ड करणारे काका. काका, तुमच्या आईला विचारलं होतं का, जातं ओढायला कसं वाटतं? ती अंधारात उठून दळायची आणि उरलंसुरलं शेवटी जेवायची. तिच्या बारीक कमरेला तुम्ही आरोग्य म्हणता, ही तुमची रसिकता. आणि हे सगळं तुम्ही टाइप करताय ते सोफ्यावर पसरून, फोन पोटाच्या टेकडीवर टेकवून. मंगळागौरीला तासभर फुगडी-झिम्मा-पिंगा घालून धापा टाकणाऱ्या बायकांचं मला कौतुक आहे, कारण त्या खेळतात. त्यातही आता 'मंगळागौर फिटनेस बॅच' निघाल्या आहेत, सारख्या रंगाच्या नऊवारींसह. चालू द्या. निदान फुगडीत हात सुटला तर आपटायला होतं. तिने अजून आपला धर्म सोडलेला नाही.

माझा राग खेळण्यावर नाही. मोजमापावरही नाही. उलट कंबर हे फार गंभीर प्रकरण आहे, आणि ते पुण्याहून जास्त कोणाला माहीत असणार? केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3. दोघेही दिसायला सडपातळ. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. आपण हाडापेराने बारीक दिसतो आणि आत, आतड्यांच्या भोवती, साठा करून बसतो. मधुमेह तिथून डोकावतो. म्हणून भारतीयांसाठी धोक्याची रेघ आधीच ओढलेली आहे: पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध फीत धरायची, श्वास सोडून. परकराची नाडी जिथे येते तिथे नाही, पुरुषांनी पॅन्ट ढेरीखाली जिथे अडकवलेली असते तिथे तर मुळीच नाही. सबंध देशाचा प्रश्न असलेल्या या 90 आणि 80 वर उपाय म्हणून आपल्यापुढे काय ठेवलं जातंय? दोरीला लटकणारा गोळा.

असल्या पट्ट्यांची नांगी ठेचता येत नाही असंही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2002 मध्ये, बसल्या जागी पोटाचे स्नायू घडवून देतो म्हणणाऱ्या विजेच्या पट्ट्यांच्या विक्रेत्यांना कोर्टात खेचलं होतं. मोहिमेचं नाव 'प्रोजेक्ट अ‍ॅबसर्ड'. सरकारी खात्याला विनोदबुद्धी असते, याचा हा दुर्मिळ पुरावा. आपल्याकडेही 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. उत्पादकाला आणि जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्यालाही. म्हणजे सपाट पोट उघडं टाकून 'मी फक्त हेच वापरते' म्हणणारी ती तारका, जिच्या दिमतीला घरी ट्रेनर, आहारतज्ज्ञ आणि स्वयंपाकी असा लवाजमा आहे, तीही त्यात येते.

तेव्हा हौस असेल तर साधा, पडणारा हूप घ्या. मणका कुरकुरत असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, बाकीच्यांनी बिनधास्त फिरवा, पाडा, उचला, हसा. पट्टेवाला गोळा घरात आलाच असेल तर गोळा काढून दाराला अडसर म्हणून लावा, वजन चांगलं आहे. आणि 'दहा दिवसांत चार इंच' असं कुठे लिहिलेलं दिसलं की स्क्रीनशॉट काढा, बिल असेल तर शोधून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार ठोका. फोनवर थांबायला लावलं तर बसू नका. घरभर फेऱ्या मारा.